डाव्या हाताची नाडी

नरकचतुर्दशीच्या पहाटे कारीट पायाच्या अंगठ्याखाली फोडायचे, त्याचा कडू रस जिभेला लावायचा आणि मगच फराळाच्या ताटावर बसायचे, ही आपली जुनी रीत. दिवाळी अंकाच्या ताटात कथा, कविता आणि विनोद यांची गोडी भरपूर असते. तेव्हा माझ्या वाट्याच्या चार पानांत मी ते कारीट वाढीत आहे, याबद्दल वाचक मला क्षमा करतील अशी आशा आहे. विषय हृदयाचा आहे. पण कादंबरीतल्या हृदयाचा नव्हे. कादंबऱ्यांतून मी पुष्कळ नायिकांची हृदये धडधडविली आहेत. आज सांगावयाचे आहे ते खऱ्या धडधडीविषयी, आणि तीही अशा वयातल्या स्त्रीच्या, की जिला कोणी कादंबरीची नायिका करीत नाही.

१९९६ सालची दिवाळी. वर्धा-नागपूर रस्त्यावरच्या केळझर गावातले आमचे घर. टेकडीवर गणपतीचे देऊळ, खाली गाव, आणि गावाबाहेर कापूस फुटून पांढरी झालेली शेते. आई चुलीशी अनारसे तळीत बसली होती. तिला अठ्ठेचाळिसावे वर्ष होते. पाळी वर्षभर मागेपुढे होऊन नुकतीच थांबत आली होती. एकाएकी तिने झारा खाली ठेवला, हात छातीवर धरला आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, "पोरी, उरात पाखरू फडफडून रायलं वो."

दोन मिनिटांत ते पाखरू शांत झाले. आईने पदराने घाम पुसला आणि पुढचा अनारसा कढईत सोडला. मी अठरा वर्षांची होते. मला त्या वेळी काळजी वाटली ती आईची नव्हे, अनारसा करपल्याची. हे लिहिताना आज लाज वाटते. पण इतिहास लिहावयाचा तर तो खरा लिहिला पाहिजे.

त्यानंतर ते पाखरू वरचेवर येऊ लागले. शेजारच्या काकूंनी दृष्ट काढली. कोणी म्हणाले, पित्त आहे. कोणी म्हणाले, बाहेरचे आहे. शेवटी वडिलांनी तिला एका डॉक्टरांकडे नेले. त्यांनी नाडी पाहिली, ती त्या क्षणी ठीक होती. कार्डिओग्राम काढला, तोही ठीक निघाला. डॉक्टर हसून म्हणाले, "या वयात बायकांना असे होतेच. मनाचा खेळ आहे." झोपेच्या गोळ्या मिळाल्या. आई घरी आली, आणि त्या दिवसापासून तिने पाखराचे नाव काढले नाही. मनाचा खेळ म्हटल्यावर बोलावयाचे कोणाशी?

माझे शिक्षण मॅट्रिकपुरते. वैद्यक मला कळत नाही. पण शाळेत मुलांना इतिहास शिकविते, त्यामुळे कोणतीही गोष्ट कळेनाशी झाली की ती मुळात कोठून आली हे पाहावयाची खोड लागली आहे. बाईच्या छातीतल्या या धडधडीचा माग काढीत मी पुष्कळ वाचले. त्यात जे सापडले, ते मला मोठे विलक्षण वाटले.

आपल्याकडून सुरुवात करू. सुश्रुताने स्त्रीचा ऋतुकाळ बाराव्या वर्षापासून पन्नासाव्या वर्षापर्यंत सांगितला आहे. पन्नाशीला तो संपतो तो शरीर पिकल्यामुळे. तो रोग नव्हे. नाडीपरीक्षा मात्र चरक-सुश्रुतांच्या संहितांत नाही. ती सविस्तर येते पुष्कळ शतकांनंतरच्या शार्ङ्गधराच्या ग्रंथात. वाताची नाडी सापासारखी वाकडी, पित्ताची बेडकासारखी उड्या घेणारी, कफाची हंसासारखी संथ, अशा त्याच्या उपमा आजही जुने वैद्य सांगतात. थांबत थांबत चालणारी नाडी तो प्राणघातक म्हणतो. म्हणजे चुकणारा ठोका आपल्या वैद्यांच्या बोटांना तेव्हाच सापडला होता. आणि परंपरा अशी, की पुरुषाची नाडी उजव्या हाताची पाहावी, बाईची डाव्या. हात निराळा आहे हे वैद्यांनी ओळखले. पण त्या हातापलीकडचे दुःख निराळे असू शकेल काय, हा प्रश्न मात्र पुढे कित्येक शतके कोणी फारसा विचारला नाही.

आता विलायतेत चलू. १७७५ च्या सुमारास विल्यम विदरिंग या इंग्रज डॉक्टरांकडे एका घरगुती औषधाविषयी विचारणा झाली. अंगात पाणी साचून सूज येणाऱ्या रोगावरचे ते औषध. श्रॉपशायर परगण्यातल्या एका म्हातारीने ते गुप्त ठेवले होते, आणि मोठमोठ्या वैद्यांनी हात टेकलेले रोगी तिच्या काढ्याने बरे होत. काढ्यात वीसएक वनस्पती होत्या. विदरिंगने ओळखले, की गुण येतो तो त्यांतल्या फॉक्सग्लोव्ह या झाडामुळे. दहा वर्षे प्रयोग करून १७८५ साली त्यांनी त्यावर पुस्तक लिहिले. हृदयाच्या अनियमित धावेला लगाम घालणारे डिजिटॅलिस ते हेच. विदरिंगचे नाव अजरामर झाले. म्हातारीचे नाव कोणी लिहून ठेवले नाही. पुढे विसाव्या शतकात एका औषध कंपनीला जाहिरातीसाठी तिचे चित्र हवे झाले, तेव्हा तिला 'मदर हटन' असे एक नाव देण्यात आले. ते नाव कंपनीच्या सोयीचे. त्या बाईचे नव्हे.

दुसरी गोष्ट पॅरिसची, १८१६ सालची. आमच्याकडे त्या वर्षी नागपूरकर दुसरे रघूजी भोसले वारले आणि त्यांच्या राज्याला उतरती कळा लागली. तिकडे नेकर रुग्णालयात रने लाएनेक या डॉक्टरापुढे हृदयविकाराची एक तरुण स्त्री आली. अंगाने ती स्थूल, त्यामुळे छातीवर हात ठेवून किंवा बोटाने ठोकून काही कळेना. आणि परक्या तरुणीच्या छातीला कान लावावा तर संकोच. लाएनेकने कागदाची जाड सुरळी केली, एक टोक तिच्या छातीवर ठेवले, दुसरे आपल्या कानाला लावले. आणि नुसत्या कानालाही कधी आला नव्हता इतका स्वच्छ ठोका त्याला ऐकू आला! आज डॉक्टरांच्या गळ्यात जो स्टेथॉस्कोप दिसतो, त्याचा जन्म असा एका बाईच्या दुखऱ्या हृदयातून आणि एका पुरुषाच्या संकोचातून झाला. तिचेही नाव आपल्यापर्यंत आलेले नाही.

योगायोग असा, की त्याच १८१६ साली, त्याच फ्रान्समध्ये शार्ल द गार्दान नावाच्या वैद्याने पाळी जाण्याच्या वयातल्या स्त्रियांसाठी एक पुस्तक छापले. आज सर्वत्र रूढ असलेला 'मेनोपॉज' हा शब्द त्याचाच. १८२१ च्या आवृत्तीत तो आजच्या रूपात आला. एकाच वर्षी बाईचे हृदय ऐकण्याचे साधन निघाले आणि बाईच्या त्या वयाला नाव मिळाले. ही दोन माणसे एकमेकांशी बोलली असती, तर! पण वैद्यकाच्या घरातल्या या दोन खोल्यांमधले दार पुढे दीडशे वर्षे बंदच राहिले.

बाईची छाती धडधडली, की तिला 'हिस्टेरिया' म्हणावयाचे, ही युरोपची जुनी चाल. शब्द ग्रीक, अर्थ गर्भाशय. म्हणजे दुखणे कोठलेही असो, दोष गर्भाशयाचा! आता गंमत पाहा. अमेरिकेत यादवी युद्ध झाले, आणि सैनिकांच्या छात्या धडधडू लागल्या. जेकब दा कोस्टा या डॉक्टराने अशा तीनशेहून अधिक सैनिकांची पाहणी करून १८७१ साली मोठा निबंध लिहिला. या विकाराला पुढे 'सैनिकाचे हृदय' असे भारदस्त नाव पडले. पहिल्या महायुद्धात इंग्रज सरकारने त्यासाठी खास रुग्णालय उघडले. सैनिकाचे ते हृदय, आणि बाईचे ते खूळ!

सगळेच असे नव्हते. जेम्स मॅकेन्झी हे स्कॉटिश डॉक्टर. बर्नली या गिरण्यांच्या गावात ते साधे घरगुती डॉक्टर म्हणून काम करीत. त्यांच्या हातून एक बाई बाळंतपणात हृदय बंद पडून दगावली. ती आपल्याला आधी ओळखता का आली नाही, ही टोचणी त्यांना स्वस्थ बसू देईना. त्यांनी नाडीचा आणि मानेतल्या शिरेचा ठोका एकाच वेळी कागदावर उमटविणारे यंत्र तयार केले आणि तेच ते रोगी वर्षानुवर्षे तपासले. त्यातून त्यांना दोन गोष्टी दिसल्या. मधूनच पडणारा जादा ठोका बहुतेकांना काही अपाय करीत नाही, ही एक. दुसरी त्यांना दिसली ती वर्षानुवर्षे तपासत आलेल्या एका स्त्री रुग्णाच्या आलेखात: नाडीची लय पार मोडली, त्याबरोबर हृदयाच्या वरच्या कप्प्याची लाटच कागदावरून नाहीशी झाली. ते वरचे कप्पे आकुंचन न पावता नुसते थरथरत असतात, हे १९०९ साली थॉमस लुइस यांनी आणि व्हिएन्नाच्या दोघा संशोधकांनी सिद्ध केले. यालाच आज ॲट्रियल फिब्रिलेशन म्हणतात.

म्हणजे एक धडधड निरुपद्रवी, दुसरी घातकी. वरून दोन्ही सारख्याच, दोन्ही पाखरेच. ओळखायची तर ती फडफडत असताना पकडली पाहिजे. हॉलंडमधल्या लायडनच्या विलेम आइंटहोफेन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी विजेचा कार्डिओग्राम सिद्ध केला. त्यांचे पहिले यंत्र सहाशे पौंडांचे, ते चालवायला पाच माणसे, आणि रोग्याने दोन्ही हात व एक पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून बसावयाचे. १९२४ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पण कार्डिओग्राम म्हणजे काही क्षणांचा फोटो. त्या क्षणी पाखरू झोपलेले असेल, तर फोटोत ते येत नाही. ही अडचण अमेरिकेतल्या नॉर्मन होल्टर या शास्त्रज्ञाने सोडविली. १९४९ मध्ये त्यांनी पंच्याऐंशी पौंडांचे रेडिओ-यंत्र पाठीवर बांधून चालत्या माणसाच्या हृदयाचा आलेख घेतला. ते ओझे उतरत उतरत आज काडेपेटीएवढे झाले आहे. ते छातीला लावून बाई दिवसभर घरकाम करू शकते, आणि यंत्र मुकाट्याने प्रत्येक ठोका लिहून घेते.

माझ्या आईला काडेपेटी मिळाली नाही. तिचा फोटो चांगला आला होता, एवढ्यावर प्रकरण मिटले.

२००३ च्या श्रावणात, एका सकाळी, दळण निवडताना तिच्या हातातले सूप गळून पडले. उजवे अंग लुळे झाले, वाचा गेली. नागपूरच्या रुग्णालयात नेले, तेव्हा कार्डिओग्रामवर पाखरू अखेर सापडले. तेथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी मला समजावून सांगितले. वरचे कप्पे थरथरत राहिले, की रक्त तेथे साचते. साचलेल्या रक्ताची गुठळी होते. ती सुटून मेंदूत गेली, की पक्षाघात होतो. अशा रोग्याला पक्षाघाताचा धोका इतरांच्या पाचपट असतो. वेळेवर ओळखले, तर रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधाने तो पुष्कळ टाळता येतो. 'वेळेवर' हा शब्द उच्चारताना त्यांचा आवाज खाली गेला.

आई त्यानंतर चार वर्षे जगली. तिला एकच शब्द उरला होता, "हो." दुखते का, तर हो. बरे वाटते का, तर हो. टेकडीवरच्या गणपतीच्या साऱ्या आरत्या जिला पाठ, तिच्या ओठांवर तो एवढा शब्द राहिला. १९९६ सालची ती धडधड याच विकाराची होती काय, हे आता कोणीच सांगू शकणार नाही. कोणी पुन्हा तपासले नाही, एवढे मात्र खरे.

हे एकट्या केळझरचे दैव असते, तर मी लिहिले नसते. अमेरिकेत फ्रॅमिंगहॅम गावी १९४८ साली हृदयरोगाची मोठी पाहणी सुरू झाली. तिच्यातल्या ५,२०९ माणसांत स्त्रियाही होत्या, आणि वर सांगितलेला पाचपटीचा हिशेब तिथलाच. पण ॲस्पिरिनने हृदयविकार टळतो काय, याचा जो गाजलेला प्रयोग १९८२ मध्ये सुरू झाला, त्यातले २२,०७१ डॉक्टर एकजात पुरुष होते! १९९१ साली बर्नाडीन हीली या हृदयतज्ज्ञ बाईंनी हे स्पष्टपणे मांडले: हृदयाचे दुखणे पुरुषासारखे आहे असे सिद्ध करून दाखवावे, तेव्हाच बाईला पुरुषासारखा उपचार मिळतो. १९९३ मध्ये तेथे कायदाच झाला, की सरकारी पैशाने चालणाऱ्या वैद्यकीय प्रयोगांत स्त्रिया असल्याच पाहिजेत.

आपल्या देशातही या दारावर थाप मारणाऱ्या बाई होत्या. डॉ. पद्मावती या भारतातल्या पहिल्या स्त्री हृदयरोगतज्ज्ञ. ब्रह्मदेशात त्या शिकल्या, पुढे अमेरिकेत हेलन टाऊसिग आणि पॉल व्हाइट यांच्या हाताखाली तयार झाल्या, आणि दिल्लीच्या लेडी हार्डिंज महाविद्यालयात त्यांनी हृदयरोगाचा विभाग उभा केला. १०३ वर्षांचे आयुष्य जगून त्या २०२० मध्ये गेल्या. आणि आमच्या जिल्ह्यातच पाहावयाचे, तर सेवाग्रामचे रुग्णालय ज्यांच्या नावाने आहे त्या कस्तुरबा हृदयाच्या दुखण्याने खचूनच २२ फेब्रुवारी १९४४ रोजी पुण्याच्या आगाखान राजवाड्यात, कैदेत, वारल्या. त्यांच्या शुश्रूषेला तेथे होत्या डॉ. सुशीला नायर, त्यांनीच पुढे १९६९ मध्ये सेवाग्रामला वैद्यकीय महाविद्यालय काढले.

आता माझे. मी सत्तेचाळीस वर्षांची आहे. दोन वर्षांपूर्वी वर्गात पानिपत शिकविताना माझ्या उरात ते पाखरू फडफडले. खडू हातात तसाच राहिला. खरे सांगते, माझ्या मनात पहिला विचार आला तो हाच, की 'या वयात होतेच!' आईला ज्या वाक्याने गप्प केले, ते मीच मला ऐकविले.

पण मी गेले. काडेपेटी चोवीस तास लावली. रक्त तपासले, थायरॉइड तपासले. निघाले ते जादा ठोके, मॅकेन्झींनी निरुपद्रवी ठरविलेले. डॉक्टरांनी सांगितले, की पाळी जाण्याच्या काळात शरीरातले इस्ट्रोजेन वरखाली होते, त्याने मज्जातंतूंचा तोल डळमळतो. अंगातून वाफा निघतात, झोप मोडते, छाती धडधडते. काही पाहण्यांत या वयातल्या दहांपैकी चार बायकांनी ही तक्रार सांगितली आहे. म्हणजे 'या वयात होतेच' हे वाक्य खोटे नाही. ते अर्धे आहे. उरलेले अर्धे असे, की होते म्हणूनच तपासावे. कारण त्याच धडधडीमागे रक्ताची कमतरता असू शकते, थायरॉइड असू शकते, रक्तदाब असू शकतो, आणि कधी कधी आईचे ते घातकी पाखरूही असू शकते.

एक गोष्ट ध्यानात ठेवावी. धडधडीबरोबर चक्कर येऊन शुद्ध गेली, छातीत दुखले, दम लागला, किंवा तोंड वाकडे होऊन हातापायातली शक्ती गेली, तर फराळाची कढई तशीच उतरवून तडक रुग्णालय गाठावे. पाहुणे थांबतील.

केळझरला आम्ही एकचक्रानगरी समजतो. बकासुराला भीमाने मारले ते याच गावी, असे लहान मूलही सांगते. मला त्या कथेत भीमापेक्षा कुंती मोठी वाटते. ज्या घरी ती उतरली होती, त्या घरातून रडणे ऐकू आले. 'असेल काही त्यांच्या घरचे' म्हणून ती बसून राहिली नाही. आत जाऊन तिने विचारले, "काय झाले?" भीम नंतरचा. आधी ते विचारणे.

यंदा दिवाळीच्या सुटीपूर्वी मी आठवीच्या मुलांना स्टेथॉस्कोपची गोष्ट सांगितली आणि घरचा अभ्यास दिला: आईला पाच मिनिटे खाली बसवायचे, डाव्या मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दोन बोटे ठेवायची, घड्याळ लावून मिनिटभर ठोके मोजायचे, आणि ते सारख्या अंतराने पडतात की नाही ते लिहून आणायचे. दुसऱ्या दिवशी वह्या आल्या. बहात्तर, अठ्ठ्याहत्तर, चौऱ्याऐंशी. एकाने लिहिले होते, "आई बसलीच नाही." एका मुलीच्या वहीत आकडा नव्हता. तिने लिहिले होते, "आईची मोजता येत नाही. मधीच थांबते."

संध्याकाळी मी तिच्या घरी गेले. तिची आई नुकतीच कापूस वेचून आली होती. ओटीचे ओझे अजून कमरेला होते. मला पाहून ती संकोचली आणि म्हणाली, "काई नाई हो बाई, या वयात होतेच."

मी म्हटले, "होते. बसा जरा." आणि तिचा डावा हात हातात घेतला.